विश्वास कोमट झालाय असं वाटतंय? मग सुरुवात कुठून करायची, माझ्या अनुभवावरून

रविवारची उपासना चुकली तरी काहीच वाटेनासं झालंय हे माझ्या लक्षात आलं तोवर सहा-सात महिने उलटून गेले होते. देवावर राग नव्हता, कुणाशी भांडण नव्हतं, घरात कुणी गेलं नव्हतं, तसं काहीच घडलं नव्हतं. मी नर्स आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये राहते, शिफ्ट ड्युटी. आधी रविवारी ड्युटी लागायची म्हणून चर्चला जाणं व्हायचं नाही, मग ऑफ असला तरी झोपावंसं वाटायला लागलं, मग बायबल टीव्हीच्या कपाटावर आडवं पडलं आणि त्याच्यावर लाईटबिलं, पोराच्या शाळेचे कागद, एक चार्जर असं साठत गेलं. जेवायच्या आधी दोन सेकंद डोळे मिटणं तेवढं उरलं होतं, तेही सासूबाई समोर असतील तर. बाहेरून मात्र सगळं व्यवस्थित, कुणी भेटलं की "जय ख्रिस्त", ग्रुपवर वचनाचा फोटो आला की हात जोडलेला इमोजी.

तुमचंही असंच काहीसं असेल तर पुढचं वाचा. ज्यांचा देवावरचा विश्वासच पूर्ण उडालाय त्यांचे प्रश्न वेगळे आणि मोठे आहेत, ते असल्या लेखाने सुटणार नाहीत. हा लेख विश्वास आहे पण त्यात जीव नाही अशा लोकांसाठी.

आधी "कोमट" या शब्दाचं बघू, कारण माझी तिथेच गडबड झाली होती

हा शब्द बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, म्हणजे प्रकटीकरणाच्या ३ऱ्या अध्यायातला, लावदिकीया गावच्या मंडळीला (तिथल्या चर्चच्या लोकांना) लिहिलेल्या पत्रातला. तू थंड नाहीस, गरम नाहीस, कोमट आहेस म्हणून तुला तोंडातून ओकून टाकणार, असं तिथे आहे. लहानपणापासून याचा अर्थ ऐकला तो असा की गरम म्हणजे जोशात टाळ्या वाजवणारा, थंड म्हणजे देवाला न मानणारा आणि कोमट म्हणजे मधला. म्हणजे माझ्यात जोश नाही हाच माझा प्रॉब्लेम, असं मी धरून चालले होते. मग जोश आणायला कन्व्हेन्शनला जा, यूट्यूबवर मोठमोठे मेसेज ऐक, दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी परत जैसे थे.

आता ही गावं नकाशावर बघा. लावदिकीया आजच्या तुर्कस्तानात होतं. जवळच हेरापली, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, आजही लोक पामुक्कलेला ते बघायला जातात. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथलं पाणी गार. लावदिकीयाला मात्र पाणी लांबून दगडी नळांनी आणावं लागायचं. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की इथे गरम आणि थंड दोन्ही चांगलेच आहेत, गरम पाणी अंग शेकायला, गार पाणी तहान भागवायला, आणि कोमट पाण्याचा दोन्हीला उपयोग नाही. मला हे पटलं. म्हणजे प्रश्न "मला आतून किती वाटतंय" हा नाहीच, प्रश्न हा आहे की माझा विश्वास कुणाच्या काही कामाला येतोय का. आणि त्याच पत्रात थोडं पुढे येशू दारावर थाप मारतो ते कशासाठी, तर आत येऊन सोबत जेवायला. भाषण द्यायला नाही. खाली जे सांगतेय ते सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

पहिलं काम: नेमकं काय झालंय ते ओळखा

वहीचं एक पान घ्या आणि एका प्रश्नाचं उत्तर लिहा, शेवटचं मनापासून प्रार्थना केल्याचं कधी आठवतं आणि त्यानंतर काय बदललं? नवीन नोकरी, बाळंतपण, दुसऱ्या शहरात शिफ्ट होणं, मंडळीत झालेला अपमान, एखादी गोष्ट जी देवासमोर आणायचीच नाही असं ठरवलंय, काहीही असू शकतं. हे फक्त स्वतःसाठी आहे, कुणाला दाखवायचं नाही.

माझ्या पानावर निघालं थकवा. एवढंच. इतकं साधं कारण की मला लाज वाटली, पण मग बायबलमधला १ राजे १९ आठवला. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला काय सांगतो? ऊठ, खा. तो खातो, परत झोपतो, देवदूत परत उठवून खायला घालतो, आणि त्यानंतर कुठे तो होरेब डोंगराच्या वाटेला लागतो. आधी जेवण आणि झोप, मग डोंगर. तुम्ही सहा महिने पाच तास झोपत असाल तर आधी झोपेचं बघा, मी सिरियसली सांगतेय.

आणि एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. दोन आठवड्यांच्या वर कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगून काय उपयोग असं वाटत असेल तर त्याला कोमट विश्वास म्हणू नका, डॉक्टरला दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. प्रार्थना चालू ठेवा, गोळ्याही चालू ठेवा. कुणी "विश्वास असेल तर गोळ्या बंद कर" म्हणालं तर त्या माणसापासून लांब राहा, मग तो कितीही मोठा सेवक असू दे.

दुसरं काम: एक माणूस शोधा, एकच

बहुतेक लोक इथे चुकतात. आधी स्वतःचं स्वतः सुधारतो, रोज तासभर प्रार्थना करतो, मग मंडळीत तोंड दाखवतो असा आपला हिशोब असतो. माझाही होता आणि तो दर सोमवारी सुरू होऊन बुधवारी संपायचा. उलटं करा. आधी माणूस, मग प्रार्थना.

योहान २० मधला येशूचा शिष्य थोमा घ्या. आपण त्याला संशयी म्हणून मोकळे होतो, पण घटना काय आहे बघा. मेलेला येशू परत उठून शिष्यांकडे पहिल्यांदा आला तेव्हा थोमा बाकीच्यांसोबत नव्हता. त्याने सरळ सांगितलं, मी बघितल्याशिवाय मानणार नाही. आणि आठ दिवसांनी तो कुठे होता? त्याच घरात, त्याच लोकांमध्ये बसलेला. म्हणजे तो पटत नसतानाही आला, आणि बाकीच्यांनीही त्याला "आधी विश्वास ठेव मग ये" म्हणून बाहेर काढलं नाही.

माणूस कसा निवडायचा? पाळकच पाहिजे असं काही नाही, खरं तर सुरुवातीला नसलेलेच बरे, त्यांच्यावर शंभर घरांचा भार असतो. बाईने बाई आणि पुरुषाने पुरुष शोधावा. नवरा-बायको नको, कारण घरात या गोष्टीचं लगेच टोमण्यात रूपांतर होतं. ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा माणूस पाहिजे, आणि ज्याने स्वतः कधीतरी कोरडे दिवस काढलेत असा असेल तर फार उत्तम. मी आमच्या मंडळीतल्या एका रिटायर्ड शिक्षिका काकूंना विचारलं, ज्यांच्याशी माझी ओळख फक्त लग्नाच्या पंगतीतली होती. मेसेज टाइप करून तीन वेळा खोडला आणि शेवटी पाठवला तो हा:

"काकू जय ख्रिस्त, माझं देवाशी सध्या काही जुळत नाहीये. उपदेश नकोय, रागावू नका. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फोनवर बोलाल का, आणि माझ्यासाठी प्रार्थना कराल का?"

उत्तर आलं, "गुरुवारी चारला कर. माझंही गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बरं नाही चाललेलं." म्हणजे बघा, मी जिच्याकडे आधार मागायला गेले ती पण त्याच बोटीत होती.

फोनवर आम्ही दोनच प्रश्न ठेवले, या आठवड्यात देवाला काय सांगितलं आणि काय सांगायचं टाळलं. दुसऱ्याचं उत्तर "सगळंच टाळलं" असेल तरी चालतं. फोन मात्र टाळायचा नाही.

तिसरं काम: प्रार्थना इतकी छोटी करा की टाळायला कारणच सापडू नये

मी येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेपासून सुरुवात केली आणि ती हात धुण्याला जोडली. वॉर्डात आम्हाला साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद सांगितलेले असतात, आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" पासून आमेनपर्यंत सावकाश म्हटलं की साधारण तेवढाच वेळ जातो. शिफ्टमध्ये हात पन्नासदा धुतले जातात, त्यातले तीन वेळा ही प्रार्थना, ड्युटी सुरू होताना, मध्ये, आणि निघताना. दिवसातून तीनदा ही कल्पना काही माझी नाही, दानीएल तीन वेळा गुडघे टेकायचा आणि अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनाही ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला शिकवलं जायचं. तुम्ही नर्स नसाल तर कुकरच्या शिट्टीची वाट बघताना म्हणा, गाडीला किक मारण्याआधी म्हणा, लिफ्टमध्ये म्हणा. नवीन वेळ काढू नका, जे रोज होतंच त्याला चिकटवा.

पन्नास-साठ वेळा म्हटल्यावर एक गोष्ट लक्षात आली जी चाळीस वर्षांत आली नव्हती. या प्रार्थनेत "मी" कुठेच नाही. आमची रोजची भाकर, आमची ऋणं, आम्हांला परीक्षेत आणू नको. एकटी बेसिनसमोर उभी असले तरी "आम्ही"च म्हणावं लागतं. आणि मराठीत तर अजून गंमत, कारण आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत. "आपली भाकर" म्हटलं असतं तर देवालाही पंगतीत धरल्यासारखं झालं असतं, "आमची" म्हटलं की मागणारे आम्ही सगळे एका बाजूला आणि देणारा समोर. मग हे आम्ही म्हणजे कोण? मी त्यात नावं घालायला लागले, काकू, बेड नंबर सातची आजी, जिच्याशी माझं पटत नाही ती इन्चार्ज. माझी प्रार्थना पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाची झाली ती अशी.

दोन आठवड्यांनी यात बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाढवा. मोठ्याने वाचा, मनात नको, मनात वाचलं की डोळे ओळींवरून घसरतात. १३वं घ्या, सहाच ओव्या आहेत आणि सुरुवातच "किती दिवस मला विसरणार" अशी आहे. फारच अंधार असेल तर ८८वं, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी बायबलमध्ये आहे, कुणी काढून टाकलं नाही. स्तोत्र वाचून झालं की स्वतःचं एक वाक्य बोला, जे खरं आहे तेच. "प्रभू, आज मला तुझ्याशी बोलावंसं वाटत नाहीये" ही पण प्रार्थनाच. मार्क ९ मधला तो बाप, आजारी पोराला घेऊन आलेला, त्याने एकाच दमात विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालव असं दोन्ही म्हटलं आणि येशूने त्याचं पोरगं बरं केलं.

रात्रीसाठी एक गोष्ट मी कॅथलिक मैत्रिणीकडून उचललीये, ती वसईची. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात शिकवलेली पद्धत, झोपण्याआधी दिवस मागे फिरवून बघायचा. आज कशाबद्दल आभार, कुठे देव जवळ वाटला, कुठे मी तोंड फिरवलं, उद्यासाठी काय मागू. पाच मिनिटं. अंथरुणावर पडून करू नका, झोप लागते. बसून करा.

वाचनाला मार्क घ्या. सोळा अध्याय, येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं, रोज अर्धा अध्याय पुरे. उत्पत्तीपासून सुरू करू नका, लेवीयला पोचेपर्यंत अवसान गळतं, हे दर जानेवारीत होतं.

आता "काही जाणवलं का" याबद्दल. माझं सांगते, जवळजवळ तीन महिने काही नाही. मग एका नाईटला पहाटे साडेचारला, तीन पेशंट सीरियस, चहा संपलेला, मी काकूंना शब्द दिलाय म्हणून फोनवर १३०वं स्तोत्र उघडलं. त्यात आहे की पहारेकरी जशी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो, आणि ती ओळ तिथे दोनदा आहे. दोनदा का ते मला एकदम कळलं, कारण नाईटला आपण खिडकीकडे एकदा बघत नाही, परत परत बघतो. पहिला विचार काय आला सांगू? लिहिणाऱ्याने नक्की नाईट केलेली आहे. मग हसू आलं आणि मग डोळ्यात पाणी आलं आणि तेवढ्यात सातच्या आजीने बेल वाजवली. एवढंच झालं. त्यानंतर पुन्हा कितीतरी दिवस साधेच गेले.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मला इथे धीर देते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिलंय की आठएक वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त मिळालेला नाही. ही रमाबाई! एवढी विद्वान, विधवांसाठी शारदा सदन काढलेली बाई हे कबूल करते. पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन (विश्वासाची मोठी जागृती) झालं त्याच्या गोष्टी आपण जूनमधल्या त्या दिवसांपासून सांगतो, पण त्याच्या कितीतरी महिने आधीपासून तिथे सत्तर मुली रोज जमून प्रार्थना करत होत्या, ते कुणी फारसं सांगत नाही.

चौथं काम: चार-पाच जणांचा गट

एक माणूस आणि छोटी प्रार्थना दोन-तीन महिने टिकली की मग गट. इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट लोकांचे छोटे गट फार नावाजलेले, पण त्यांची सुरुवात १७४२ साली ब्रिस्टलमध्ये झाली ती चक्क कर्ज फेडायला. इमारतीचं देणं होतं, म्हणून बारा-बारा जणांचे गट केले आणि एकेक जण घरोघरी फिरून आठवड्याला एक पेनी गोळा करू लागला. फिरताना कळलं की कुणाचं घरात भांडण आहे, कुणी प्यायला लागलाय, कुणी दुःखात आहे. मग पैशापेक्षा तीच विचारपूस महत्त्वाची झाली. आपल्या भिशीचंच बघा ना, पैसे हे निमित्त असतं.

आमचा गट बुधवारी रात्री आठला, पाच बायका, एका तासात संपवायचाच. दहा मिनिटं चहा, पंधरा मिनिटं एक उतारा वाचून त्यावर बोलणं, पंचवीस मिनिटं प्रत्येकीने स्वतःचं सांगणं, उरलेली दहा प्रार्थना. नियम आम्ही ठेचा खाऊन शिकलो.

खाण्याचा नियम सगळ्यात महत्त्वाचा, हसू नका. पहिल्या आठवड्याला एकीने पोहे केले, दुसरीने पावभाजी, तिसरीने चिकन बिर्याणी, आणि चौथीची पाळी आली तेव्हा ती आजारी पडली. खरं म्हणजे ती आजारी नव्हती, महिनाअखेर होती. तेव्हापासून चहा आणि बिस्कीट, कुणाच्याही घरी, वाढदिवस असला तरी.

दुसरं म्हणजे इथे ऐकलेलं बाहेर जाणार नाही, नवऱ्यालाही नाही, आणि "प्रार्थनेसाठी विषय" म्हणून तर अजिबात नाही. आपल्या लोकांत चुगलीला हे फार सोयीचं नाव आहे, "अमकीसाठी प्रार्थना करा हं, तिच्या मुलीचं..." असं सुरू झालं की संपलं. तिसरं, कुणी स्वतःचं सांगत असताना सल्ला द्यायचा नाही, तिने मागितल्याशिवाय. चौथं, प्रार्थना प्रत्येकीची दोन-तीन वाक्यांची. कॉटेज प्रार्थनेत, म्हणजे घरोघरी होणाऱ्या प्रार्थनेत, एखादे काका उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत प्रार्थना करतात आणि नवीन माणूस घाबरून गप्प बसतो, ते टाळायचं. एक वही ठेवा, कुणासाठी काय मागितलं आणि तारीख. सहा महिन्यांनी मागची पानं उलटताना मजा येते, आणि काही ठिकाणी उत्तर आलेलं नसतं तेही दिसतं, ते लपवू नका.

पाचवं काम: मंडळीत परत जाणं

पहिल्या रविवारी कुणीतरी म्हणणारच, "काय, वाट चुकलात का?" उत्तर आधीच ठरवून जा. मी "हो ना, पण रस्ता आठवला" म्हणाले आणि पुढे सरकले. गटातल्या कुणासोबत तरी जा, त्यांच्या शेजारी बसा, एकटं मागच्या खुर्चीत बसलात तर आशीर्वादाच्या आधीच चप्पल शोधायला लागाल. शक्यतो प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्या) रविवारी जा, कारण त्या दिवशी उपदेश कसाही झाला तरी हातात काहीतरी मिळतं.

महिन्याभरात एक काम अंगावर घ्या, स्टेजवरचं नको. खुर्च्या लावणं, संडे स्कूलच्या पोरांना खाऊ वाटणं, एखाद्या म्हाताऱ्या आजींना रिक्षाने आणणं. मी उपासनेनंतर बीपी तपासायला बसते, एक टेबल आणि मशीन. त्या टेबलावर लोक जे बोलतात ते व्यासपीठासमोर कधी बोलत नाहीत.

कमिटीपासून मात्र पहिलं वर्षभर लांब राहा. निवडणुका, प्रॉपर्टी, कोर्टकचेरी, कुणाचा पाळक कुणी बदलला, यात कितीतरी चांगल्या लोकांचा विश्वास थिजलेला मी बघितलाय. माझ्या भावाचं तेच झालं, एका मिटिंगमध्ये झालेल्या शिवीगाळीनंतर तो आजतागायत गेलेला नाही, आणि मी त्याला चल म्हणत नाही, फक्त महिन्यातून एकदा त्याच्याकडे जेवायला जाते. मंडळी खरंच धोक्याची असेल, म्हणजे पैशासाठी दबाव, घरच्यांशी संबंध तोडायला लावणं, बायका-मुलांशी गैरवागणूक, तर तिथे परत जायची काही गरज नाही, दुसरी शोधा. आणि गैरवागणूक असेल तर पोलिसांत सांगा, "देव बघून घेईल" म्हणून झाकू नका.

परत घसरलं तर?

घसरतंच. माझं गेल्या पावसाळ्यात दीड महिना सगळं बंद पडलं, सासूबाई ॲडमिट होत्या. यावेळी फरक एवढाच होता की गुरुवारी चार वाजता मी फोन केला नाही तर काकूंनी केला, आणि बुधवारी गटातल्या दोघी डबा घेऊन हॉस्पिटलमध्येच आल्या. बिस्कीटचा नियम त्या दिवशी मोडला, भाकरी आणि पिठलं होतं. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून आम्ही जेवलो, प्रार्थनेची दोन वाक्यं झाली, तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याने उठवलं.

या बुधवारी एक नवीन मुलगी येणार आहे, माझ्याच वॉर्डातली ज्युनिअर, लातूरकडची, इथे कुणी ओळखीचं नाही. ती परवा हात धुताना विचारत होती, सिस्टर तुम्ही तोंडातल्या तोंडात काय म्हणता? मी सांगितलं, आणि म्हटलं, बुधवारी आठला ये, फक्त चहाच मिळेल.